कोपराची दुखापत: पहिल्या तासापासून पुन्हा थ्रो करेपर्यंत

कोपराच्या दुखापतीत पहिली चूक मैदानावरच होते. शिवाजी पार्क असो, आझाद मैदान असो की उपनगरातलं बॉक्स क्रिकेटचं टर्फ, कुणी हातावर पडला की घोळक्यातला एक जण पुढे होतो आणि "लचक भरलीय, ओढला की सुटेल" म्हणत त्याचा हात ओढतो. दुसरी चूक संध्याकाळी घरी होते: गरम तेलाची मालिश. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. ती म्हणजे काळजीपोटी महिना-दीड महिना हात गळ्यात बांधून ठेवणं. कोपर शरीरातल्या सगळ्यात लवकर आखडणाऱ्या सांध्यांपैकी एक आहे. ओढाताण त्याला सोसत नाही आणि नुसतं बांधून ठेवलेलंही सोसत नाही. उपचार घरचे असोत की शस्त्रक्रियेनंतरचे, सगळी कसरत या दोन्हींच्या मधली वाट सांभाळण्याची असते.

पहिला तास

हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्या. कोपर वेडंवाकडं दिसत असेल तर ते सरळ करायला जाऊ नका. थायपॅड किंवा जाड वर्तमानपत्राची घडी हाताखाली घेऊन टॉवेलने बांधा. अंगठी, घड्याळ, कडं लगेच काढा, कारण अर्ध्या तासात सूज आली की कापावंच लागतं.

मग दोन मिनिटांत ही तपासणी करा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. मनगटावर नाडी लागते का बघा. नंतर खेळाडूला तीन खुणा करायला सांगा: अंगठा वर उचलून 'मस्त'ची खूण, अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल, आणि पाचही बोटं पंख्यासारखी पसरणं. कोपराजवळून हाताकडे तीन मुख्य नसा (मज्जातंतू) जातात आणि प्रत्येक खूण त्यांपैकी एकीची परीक्षा आहे. एक जरी खूण जमली नाही, नाडी लागली नाही किंवा बोटं गार पडली, तर बर्फ शोधत बसू नका. थेट तातडीच्या विभागात जा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत रात्री-अपरात्रीही अस्थिविभागाचे डॉक्टर असतात.

हे सगळं ठीक असेल तर दोन्ही तळवे आकाशाकडे करून दोन्ही कोपरं सरळ करून बघा. प्रौढ माणसाचं दुखरं कोपर दुसऱ्याइतकं पूर्ण सरळ होत असेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता कमी. होत नसेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. लहान मुलांच्या बाबतीत ही चाचणी पुरेशी समजू नका. मूल हातावर पडलंय आणि कोपर सुजलंय, एवढं एक्स-रेसाठी पुरे.

बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की करंट लागल्यासारखं होतं, तिथे नस कातडीच्या अगदी खाली असते. त्या जागी बर्फ दाबून ठेवू नका. पहिले तीन दिवस शेक, मालिश, दारू यांपैकी काहीही नको.

मालिशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे हाडवैद्याकडे जाऊन कायमचे अडकलेले हात आजही दिसतात. दंडाच्या पुढच्या बाजूचा एक स्नायू कोपराच्या सांध्याला अगदी चिकटून खाली जातो. कोपर निखळतं किंवा जोरात मुरगळतं तेव्हा हा स्नायू फाटतो आणि आत रक्त साकळतं. ते रोज रगडलं की स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. सुरुवातीला नुसता दुखरा गोळा लागतो, तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेवर ढगासारखी पांढरी छटा दिसते आणि मग कोपर ९० अंशांच्या आसपास अडकून बसतं. हे हाड पूर्ण पक्कं होईपर्यंत सहसा ते काढतही नाहीत. म्हणजे कित्येक महिने नुसतं थांबायचं. घरच्यांनी किंवा अतिउत्साही फिजिओने जोर लावून कोपर वाकवलं, तरी हाच धोका असतो.

दुखतंय नेमकं कुठे?

तळवा वर करून हात समोर धरा. अंगठ्याकडची ती कोपराची बाहेरची बाजू, करंगळीकडची ती आतली.

बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबून दुखतं आणि भरलेली बादली किंवा चहाचं पातेलं उचलताना कळ येते, तो बहुतेक वेळा टेनिस एल्बो. आत दुखत असेल तर तीन शक्यता असतात: मनगट वाकवणाऱ्या स्नायूंचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), आतलं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा बंध), किंवा करंगळीकडे जाणारी नस. टेंडनचं दुखणं मूठ आवळल्यावर आणि मनगट दाबून वाकवल्यावर वाढतं. लिगामेंटचं दुखणं थ्रो करताना, हात पूर्ण मागे जाऊन पुढे झेपावतो त्या क्षणी येतं, आणि थ्रोचा वेग व नेम दुखण्याच्या आधीच घसरलेला असतो. नसेचा त्रास असेल तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, विशेषतः रात्री हात मुडपून झोपल्यावर. त्याला साधा उपाय म्हणजे झोपताना कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळायचा, म्हणजे ते पूर्ण वाकत नाही.

मागे, थ्रोच्या शेवटी हात झटक्याने सरळ होताना टोचत असेल तर तिथे हाडाची वाढ किंवा सुटे तुकडे असू शकतात. कोपर मध्येच अडकून झटक्याने सुटणं, हे सुट्या तुकड्याचं ठळक लक्षण.

पुढच्या बाजूचं दुखणं जिमवाल्यांचं. जड डेडलिफ्ट किंवा बारबेल कर्ल करताना 'टप्' असा आवाज येतो, दंडाची बेडकी वर सरकते आणि दोन दिवसांत कोपराखाली काळंनिळं होतं. कोपर काटकोनात, तळवा वर ठेवा आणि दुसऱ्या हाताची तर्जनी बाहेरच्या बाजूने बेडकीच्या दोरीखाली आकड्यासारखी घाला. निरोगी हातात बोट अडकतं, तुटलेल्या टेंडनमध्ये अडकायला काही सापडत नाही. इथे वेळ घालवू नका. हा टेंडन दोन-तीन आठवड्यांच्या आत शिवलेला बरा, नंतर तो वर आकसतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

टेनिस एल्बो: बारा आठवड्यांचं काम

सचिन तेंडुलकरला २००४ साली या दुखण्याने गाठलं तेव्हा मुंबईत घरोघरी हा शब्द पोहोचला. २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करत तो परतला. त्याचं कोपर डावं होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या दांड्यावर वर असतो आणि चेंडू आदळण्याचा हादरा त्याच्या मनगट उचलणाऱ्या स्नायूंवर येतो.

बहुतेकांना मात्र शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. मोठ्या संख्येने रुग्ण वर्षभरात व्यायामानेच बरे होतात. ज्यांचं दुखणं रेंगाळतं, त्यातल्या अनेकांनी व्यायाम तीन आठवड्यांत सोडलेला असतो.

पहिले दोन आठवडे: कोपराखालचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली मुठीत घ्या, मनगट सरळ रेषेत नुसतं धरून ठेवा. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, दिवसातून दोनदा.

तिसऱ्या आठवड्यापासून: चांगल्या हाताने बाटली वर न्या, दुखऱ्या हाताने चार सेकंद मोजत खाली सोडा. १५ वेळा, असे तीन सेट, दिवसातून एकदा. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं, अट एकच की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत झालं पाहिजे. झालं नाही तर वजन तेच ठेवून सेट कमी करा. अर्धा किलो सोपं वाटू लागलं की लोक एक लिटरची बाटली घेतात आणि तिथेच फसतात. ती जाड असल्यामुळे मूठ जास्त आवळावी लागते आणि दुखणं परततं. त्यापुढे एक किलोचा डंबेलच घ्या. सहाव्या आठवड्यापासून पंचा पिळण्याचा व्यायाम जोडा, दोन्ही दिशांना, सावकाश.

पट्टा वापरायचा तर दुखऱ्या हाडाच्या टोकावर बांधू नका. टोकापासून दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधा. रात्री तो काढून ठेवा.

स्टिरॉइडचं इंजेक्शन मोहात पाडतं, कारण आठवडाभरात दुखणं गायब होतं. पण सहा आठवड्यांचा आराम आणि वर्षानंतरची स्थिती यांत फरक आहे. इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण अभ्यासांमध्ये जास्त आढळलं आहे. फायनल पुढच्या रविवारी आहे, एवढ्या कारणासाठी ते घेऊ नये.

आणि किटबॅग. चर्चगेटहून विरारपर्यंत दुखऱ्या हाताने लोकलचा हँडल पकडायचा आणि दुसऱ्या खांद्यावर दहा किलोची बॅग, यात सकाळचा सगळा व्यायाम वाया जातो. बॅग पाठीवर घ्या, उचलताना तळवा वरच्या दिशेला ठेवा, आणि आधारासाठी चांगला हात वापरा. टेनिस खेळणाऱ्यांनी रॅकेटच्या तारांचा ताण दोन-तीन पौंड कमी करून बघावा.

शस्त्रक्रिया कधी

निखळून स्थिर न राहणारं कोपर, सरकलेलं फ्रॅक्चर, तुटलेला बेडकीचा टेंडन, अडकवणारे सुटे तुकडे यांत फार घोळ नसतो. टेनिस एल्बोमध्ये सहा ते बारा महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल तरच. आतल्या लिगामेंटचा निर्णय मात्र खेळ काय आहे यावर ठरतो. ते अर्धवट फाटलेलं असेल आणि खेळाडू सलामीचा फलंदाज असेल, तर तीन महिन्यांचा संयम बहुधा पुरतो. भालाफेकपटू किंवा सीमारेषेवरून थ्रो करणारा क्षेत्ररक्षक असेल, तर चर्चा वेगळी.

या लिगामेंटची शस्त्रक्रिया ज्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते तो टॉमी जॉन हा अमेरिकी बेसबॉलपटू. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच मनगटातला एक टेंडन काढून कोपरात लिगामेंटच्या जागी बसवला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. हा टेंडन तुमच्याकडे आहे का ते बघता येतं: अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध दोरी उठून दिसते. काहींना ती जन्मतःच नसते. मग टेंडन पायातून घेतात.

कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतण्याचं आपल्याकडचं उदाहरण भालाफेकपटू नीरज चोप्राचं. मे २०१९ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली. मधले आठ महिने त्याच्याकडे रोज फिजिओ होता आणि दुसरं काम नव्हतं. नोकरी सांभाळून रविवारी खेळणाऱ्याने हे आठ महिने स्वतःला लावू नयेत, त्यात तीन-चार महिने सरळ मिळवावेत.

सर्जनला आधीच विचारा: कोपर किती दिवस बांधलेलं राहणार, नसेची जागा बदलणार का, आणि फिजिओसाठी लेखी आठवडेवार पत्रक मिळेल का. पत्रक नसेल तर मागून घ्या. खासगी फिजिओ परवडत नसेल तर सार्वजनिक रुग्णालयांचे फिजिओथेरपी विभाग आहेतच, शिवाय हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

शस्त्रक्रियेनंतर, आठवड्यांच्या हिशेबाने

खालचा क्रम आतल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा आहे, कारण तोच सगळ्यात लांब. तुमच्या सर्जनने वेगळे आकडे दिले तर तेच पाळा.

पहिला आठवडा स्प्लिंटमध्ये (कोपर हलू न देणाऱ्या कडक आधारात), कोपर ९० अंशांत. हात दोन उशांवर, हृदयापेक्षा उंच. जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ उघडा-मिटा. सूज उतरवण्याचा याहून चांगला उपाय नाही. दिवसातून तीनदा झोळीतून हात काढून खांदा हलवा, नाहीतर कोपर बरं होता होता खांदा गोठतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शस्त्रक्रिया झाली तर ड्रेसिंग कोरडं ठेवणं हेच मोठं काम असतं. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी वरून चिकटपट्टीने बंद करा. पट्ट्याच्या आत घामाने पुरळ उठतं, म्हणून खाली सुती बाही घाला आणि रोज बदला. खाजवायला आत फूटपट्टी घालू नका.

ताप, टाक्यांतून पू, वाढत जाणारा बधिरपणा, किंवा बोटं दुसऱ्याने सरळ केल्यावर कोपराखालच्या हातात असह्य कळ, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. दुसऱ्या आठवड्यात बिजागरीचा पट्टा येतो, सुरुवातीला ३० ते १०० अंश एवढीच हालचाल, मग दर आठवड्याला थोडी थोडी सैल. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पट्टा सुटतो आणि हालचाल जवळपास पूर्ण असायला हवी. रोजच्या कामांना ३० ते १३० अंश पुरतात: तोंड धुणं, जेवणं. पण बॅट धरणाऱ्याला आणि थ्रो करणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. दर रविवारी एकाच जागी उभं राहून बाजूने फोटो काढा, एक सरळ हाताचा, एक वाकवलेल्या हाताचा. सलग दोन-तीन आठवडे फोटोत फरक दिसला नाही तर सर्जनला दाखवा. या टप्प्यावर आखडलेपणा औषधाने, पट्ट्याने आणि सावकाश ताणाने सुटू शकतो, सहा महिन्यांनी तो पुन्हा कापूनच सोडवावा लागतो.

सावकाश ताण म्हणजे काय? परवानगी मिळाल्यावर पलंगावर उताणं झोपा, दंडाखाली गुंडाळलेला टॉवेल, मनगटाला अर्धा किलोचं वजन. हात आपल्या भाराने सरळ होऊ द्या. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, आधी कोमट शेक. कुणी वरून दाबायचं नाही.

दुचाकी दोन्ही लिव्हर न दुखता दाबता येईपर्यंत नको, सहसा सहा ते आठ आठवडे. गर्दीच्या वेळची लोकल त्याहून उशिरा.

सहा ते बारा आठवडे खांद्याचे, पाठीचे, मनगटाचे हलक्या वजनाचे व्यायाम आणि त्याबरोबरच कंबर आणि पाय. थ्रोची ताकद पायातून येते आणि पाय कमी पडले की तो हिशेब कोपर चुकतं करतं. बाराव्या आठवड्यानंतर दोन्ही हातांनी हलका मेडिसिन बॉल छातीपासून फेकणं, मग एका हाताने.

तिसरा-चौथा महिना सगळ्यात फसवा. दुखणं थांबलेलं असतं, हात सरळ होतो, मित्र टर्फवर बोलावतात. आत बसवलेला टेंडन मात्र अजून लिगामेंट झालेला नसतो, त्याची ताकद यायला वर्ष लागतं.

थ्रो पुन्हा कसा सुरू करायचा

साधारण चौथ्या महिन्यापासून, सर्जनने होकार दिल्यावर. अंतर मोजायला क्रिकेटचं मैदान सोयीचं: खेळपट्टी २०.१२ मीटर, आतलं वर्तुळ २७.४३ मीटर.

१४ मीटरपासून सुरू करा. मग खेळपट्टीएवढं, मग वर्तुळाएवढं, मग ३६, ४५ आणि शेवटी ५५ मीटर. प्रत्येक सत्रात २५ थ्रो, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. एका अंतरावर सलग दोन सत्रं न दुखता झाली की पुढचं अंतर. दुखलं तर एक पायरी मागे. अंतर वाढवण्याआधी नेम बघा, तो भरकटत असेल तर हात दमलाय.

जागेवर उभं राहून 'हळू' थ्रो करणं सुरक्षित, हा गैरसमज आहे. निम्म्या जोराने टाकतोय असं खेळाडूला वाटतं तेव्हा वेग त्याहून बराच जास्त असतो. म्हणून जोराऐवजी अंतराने मोजायचं, आणि दोन पावलांची धाव घेऊन, चेंडूला कमान देऊन टाकायचं.

सरळ हाताच्या गोलंदाजीचा कोपराच्या आतल्या बाजूवर थ्रोइतका ताण येत नाही, त्यामुळे गोलंदाजी बऱ्याचदा लांबच्या थ्रोआधी सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर पाच-दहा अंश वाकडेपणा राहिला तर ॲक्शन बेकायदा ठरेल, ही भीती अनेकांना असते. आयसीसीचा १५ अंशांचा नियम चेंडू टाकताना कोपर किती सरळ होतं, त्या फरकाला लागू आहे. मुळात ते किती वाकलेलं आहे, याला नाही.

शाळकरी खेळाडू

हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या वयात कोपराचं हाड अजून वाढत असतं आणि लिगामेंटपेक्षा वाढीची कूर्चा (हाड जिथून वाढतं तो मऊ भाग) कमजोर असते. तिथेच ती उकलते. सकाळी ॲकॅडमी, दुपारी शाळेचा संघ, रविवारी सोसायटीचा सामना, आणि एकही प्रशिक्षक बेरीज करत नाही. बेरीज पालकांनी करावी: एका वहीत रोजचे थ्रो आणि षटकं. एकाच दिवशी गोलंदाजी आणि यष्टिरक्षण, दोन्ही नको. आतल्या बाजूला दुखतं म्हणणाऱ्या मुलाला गोळी देऊन खेळवू नका. दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढा, म्हणजे तुलना करता येते. कोपर अडकत असेल तर एमआरआयही.

पहिला सामना

दुखऱ्या हाताची पकड दुसऱ्याच्या ९० टक्के तरी हवी, ५५ मीटरची सत्रं पूर्ण झालेली हवीत. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर हे नऊ ते बारा महिन्यांच्या आत होत नाही, भालाफेकीला त्याहून जास्त. सुट्या तुकड्यांची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया असेल तर तीन-चार महिने, बेडकीच्या टेंडनला जड वजनासाठी चार ते सहा.

कर्णधाराला आधी सांगा: पहिले पाच-सहा सामने स्लिप किंवा वर्तुळाच्या आत, सीमारेषेवर नाही. डावाच्या मध्येच जागा बदलली तर आधी दहा हलके थ्रो करून घ्या. पाणी पिऊन थंड झालेल्या हाताने केलेला पहिला लांब थ्रो सगळ्यात घातक. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर दोन्ही हात सरळ करा. कालच्यापेक्षा पाच अंश कमी सरळ होत असेल, तर त्या आठवड्यातलं थ्रोचं सत्र निम्मं करा.